सासू असल्यास एक, नसल्यास शून्य

तेव्हा मी चाळिशी नुकतीच ओलांडली होती आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आता सत्तरी ओलांडलीय. हुशारी होती तेवढीच आहे, समजूत तेवढी उतरलीय.

आम्ही नेरूळला राहायचो. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नवी मुंबई इतकी नवी होती की पत्ता सांगताना ‘ते अर्धवट बांधकाम आहे ना, त्याच्या मागे’ असं सांगावं लागे, आणि चारही बाजूंना अर्धवट बांधकामंच असत. हे, म्हणजे माझे यजमान, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत होते. त्यांना न्यायला कंपनीची बस नाक्यावर यायची. मी बेलापूरच्या एका ऑफिसात कारकून. सासूबाई साताऱ्याकडच्या. सासरे गेल्यावर त्या कायमच्या आमच्याकडे आल्या आणि त्या दिवसापासून घर त्यांचं झालं.

आणि एक गाडी होती. सेकंडहँड, सायीच्या रंगाची, यांच्या साहेबांकडून घेतलेली. हे बसने जाणार, मी बसने जाणार आणि गाडी आठवडाभर सोसायटीच्या आवारात खाकी कव्हर पांघरून झोपणार. रविवारी हे तिचं पांघरूण काढायचे, आंघोळ घालायचे, वाशीपर्यंत हिंडवून आणायचे आणि पुन्हा झोपवायचे. इतकं कौतुक त्यांनी होस्टेलवर शिकणाऱ्या आमच्या मुलाचंसुद्धा केलं नव्हतं.

माझ्याकडे लायसन्स होतं. गॉगल होता. गाडी चालवताना उडू नये म्हणून केसांना बांधायचा एक निळा रुमालही मी घेऊन ठेवला होता. नव्हती ती फक्त किल्ली. ती यांच्या पँटच्या खिशात राहायची. मला एवढंच हवं होतं की सकाळी गॉगल लावून, काच खाली करून, एक कोपर बाहेर काढून मी बेलापूरच्या बसस्टॉपवरून गाडी न्यावी आणि तिथे ताटकळलेल्या आमच्या ऑफिसातल्या बायकांनी ती बघावी. बस्स. बाईच्या जातीची प्रगती वगैरे काही डोक्यात नव्हतं, शुद्ध शायनिंग होती.

“तू चालवलीस की ॲव्हरेज पडतं,” हे म्हणायचे.

ॲव्हरेज म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते ते. त्या काळी दोन पुरुष भेटले की ख्यालीखुशालीच्या आधी “किती देते?” असं विचारायचे. ज्याची गाडी जास्त देते तो छाती काढून उभा राहायचा, जशी काही त्याने ती स्वतःच्या पोटात वाढवली होती.

माझ्या नशिबाने त्याच सुमारास ऑफिसने आम्हाला कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. क्लास वाशीला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. चपला बाहेर काढून आत जायचं. आत एसी असा की आम्ही बायका पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, हात बगलेत घालून बसायचो. देवळात गेल्यासारखं वाटायचं, फक्त घंटा नव्हती. शिकवणारा मुलगा माझ्या मुलाएवढा आणि मला “मॅडम, माऊस उचलायचा नाही, सरकवायचा” असं रोज सांगायचा.

तिथे त्याने स्प्रेडशीट शिकवली. उभे स्तंभ, आडव्या ओळी, एका चौकोनात सूत्र लिहायचं आणि बाजूचा आकडा बदलला की उत्तर आपोआप बदलतं. मला तर वेडच लागलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि एकदा सांगितलेलं न कुरकुरता पुन्हा पुन्हा करणारं असं मला घरात काहीच भेटलं नव्हतं. सरांनी सांगितलं, घरचा एखादा विषय घेऊन शीट बनवा. बाकीच्या बायकांनी किराणा घेतला. मी गाडी घेतली.

त्याच दिवशी जेवताना मी पैज लावली.

“अहो, एक टाकी तुम्ही चालवा, एक टाकी मी. हिशेब कॉम्प्युटर करेल. ज्याचं ॲव्हरेज जास्त, सोमवार ते शनिवार किल्ली त्याची.”

“आणि हरलीस तर?”

“तर पुन्हा किल्लीचं नाव काढणार नाही.”

“लिहून दे.”

“कॉम्प्युटरमध्ये लिहिते.”

सासूबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, “आन् जिकलं त्यानं मला मंडईत न्यायचं.” त्यांच्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. ही आमची पहिली चूक.

पद्धत सोपी होती. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा टिपायचा, मनसोक्त चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं पेट्रोल मावलं तेवढं प्यायली. पण काठोकाठ म्हणजे किती? पंपावरच्या माणसाने पाइप काढला की हे गाडीच्या मागे जाऊन तिला दोन्ही हातांनी गदागदा हलवायचे. आतली हवा बुडबुड करत वर यायची आणि आणखी घोटभर पेट्रोल मावायचं. सुरुवातीला भरताना जोरात हलवलं आणि शेवटी भरताना हलवलंच नाही तर ॲव्हरेज वाढतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. यांच्याही आलं होतं. त्यामुळे यांची टाकी संपली तेव्हा शेवटचं हलवायला मी गेले. पदर खोचून, ढुंगणाचा जोर लावून मी ती गाडी अशी हलवली की मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, “काकी, आत कोणी अडकलंय का?”

एवढं करूनही यांचं साडेचौदा आलं. कारण हे रविवारी पहाटे उठून रिकाम्या हायवेवर, काचा बंद करून, बैलगाडीच्या वेगाने एकटेच हिंडून आले होते.

मग माझी टाकी सुरू झाली. त्या चाळिशीतल्या बाईने, म्हणजे मीच, काय काय केलं ते आठवलं की मला आजही तिची दया येते. पहिल्याच दिवशी तिने डिकीतली स्टेपनी काढून बाल्कनीत ठेवली. वजन नको. मग जॅक काढला. मग पान्यांची पिशवी, फडकी, सासूबाईंची छत्री. चपला जड वाटायला लागल्या तेव्हा स्लीपर घालून चालवायला लागली. ऑफिसला मात्र बसनेच, कारण त्या गर्दीत ॲव्हरेज पडलं असतं. सोसायटीतल्या एका बाईने “स्टेशनपर्यंत सोडता का?” म्हणून विचारलं तर हिने आधी तिला नखशिखान्त पाहिलं, मनातल्या मनात तोललं आणि “आज ब्रेक बरोबर नाहीत” असं सांगितलं. उतार दिसला की इंजिन बंद करून गाडी घरंगळू द्यायची. त्या भागात उतार कुठे कुठे आहेत हे तिला सिडकोपेक्षा जास्त माहीत झालं होतं.

आणि शीटमध्ये तिने एक स्तंभ सासूबाईंसाठी काढला. गाडीत सासू असल्यास एक, नसल्यास शून्य. शास्त्र म्हणजे शास्त्र. रोजचं पेट्रोल काट्यावरून अंदाजाने भरता भरता असं निघालं की सासू बसली की ॲव्हरेज दीडने उतरतं. हा शोध लागल्याच्या आनंदात मी तो कागद ऑफिसच्या प्रिंटरवर छापला. तो प्रिंटर करवतीसारखा ओरडायचा आणि दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद ओकायचा. कागद आणला आणि यांना दिसावा म्हणून फ्रिजवर चिकटवला.

सासूबाई चौथी शिकलेल्या. पण भजी ज्या कागदात आली तोसुद्धा वाचून मग चुरगळणाऱ्या. संध्याकाळी मी आले तर चष्मा लावून फ्रिजसमोर उभ्या.

“आगं, ही सासू म्हंजे मीच न्हवं?”

“अहो आत्याबाई, ते नुसतं अभ्यासासाठी आहे.”

“म्होरं एक लिवलंय, त्ये काय?”

“म्हणजे त्या दिवशी तुम्ही गाडीत होतात.”

“आन् शून्य?”

“म्हणजे नव्हतात.”

“म्हंजे मी नसले की समदं शून्य.” त्यांनी जरा विचार केला. “बराबर हाय.”

मी सुटकेचा निःश्वास टाकणार तेवढ्यात त्यांचं बोट शेजारच्या स्तंभावर सरकलं. “मग म्या बसल्याव ह्यो आकडा खाली का जातोय?”

मी कुकरची शिटी बघायला गेले. कुकर अजून लावलाच नव्हता.

“वजनानं व्हय?” त्यांनी मागून विचारलं. मी म्हटलं, तसं काही नाही. त्या म्हणाल्या, बरं. आणि जेवायला बसल्यावर अगदी गोड आवाजात जाहीर केलं, “औंदाचा गणपती पेणचा आणायचा. खालच्या मजल्यावरल्यांचा बघितला हुता, काय डोळं त्येचं! मी सोता जाणार. मांडीव घिऊन येणार.”

हे गालात हसले. “मला सुट्टी नाही हो आई. प्लान्ट बंद ठेवून दुरुस्ती चाललीय. पण हिची टाकी चालूच आहे. नेईल ना ही!”

पेण म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, आणि येताना सासू, मूर्ती, पाट. शिवाय गणपती घेऊन येताना गाडी पळवायची नाही, आचके द्यायचे नाहीत, खड्डा दिसला की पहिल्या गिअरवर यायचं. ॲव्हरेजचा कर्दनकाळ. पण गणपतीला नाही कोण म्हणणार? अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघाले.

पेणला कारखान्यात ओळीने मूर्ती मांडलेल्या. मी एक वीतभर, सुबक, हलकी मूर्ती पसंत केली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“ह्यो नगं. त्यो मागचा काढा. जरा भरल्या अंगाचा हाय.”

तो भरल्या अंगाचा शाडूचा गणपती दोघा जणांनी पाटासकट उचलून पुढच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. तोंडावर नवीन रुमाल. गाडी डाव्या बाजूला चक्क झुकली. मी मनात म्हटलं, गणपतीसाठी वेगळा स्तंभ करावा, की सासूबाईंच्याच एकात धरावा?

पाऊस भुरभुरत होता. वायपर कुरकुरत होता. कर्नाळ्याचा चढ लागला तेव्हा गाडीने असा सुस्कारा सोडला की मी नकळत पुढे वाकून बसले. माझ्या अंदाजाने मी तेराच्या आसपास होते. म्हणजे किल्ली गेल्यात जमा. पण चढ म्हटला की पलीकडे उतार आलाच. माथ्यावर पोचले आणि गुपचूप इंजिन बंद केलं. गाडी सुळ्ळकन निघाली. फक्त टायरांचा आणि पावसाचा आवाज.

“बंद का केलीस गं?”

“बाप्पाला शांतता हवी म्हणून.”

“बाप्पाला ढोल लागतो. शांतता कुनाला पायजे?”

उतार संपला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबली. मी किल्ली फिरवली. खर्र. पुन्हा फिरवली. खर्र. तिसऱ्यांदा तर खर्रसुद्धा नाही, नुसतंच टक्. वायपर चालू ठेवून इंजिन बंद केल्याने म्हातारी बॅटरी निजधामाला गेली होती.

सासूबाईंनी रुमालाखालच्या गणपतीला हात जोडले. पाट तसाच धरून ते कसं जमवलं देव जाणे.

तेवढ्यात मागून बेंजोचा आवाज आला. उघडा टेम्पो, त्यात प्लास्टिकने झाकलेला मोठा गणपती, त्याच्याभोवती सात-आठ पोरं वाजवतायत, दोन बायका गातायत आणि ड्रायव्हरशेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा. टेम्पो थांबला.

“गारी बंद परली काय गो ताई?” आजोबांनी विचारलं.

“हो ना हो. बॅटरी गेली.”

“टेन्शन नको घेव. पोरांनो, उतरा रे! धक्का मारा!”

पोरं मोरया करत उतरली. मला ड्रायव्हरने बजावलं, “सेकंड टाका, क्लच दाबून ठेवा आनि मी सांगतो तवा सोरा.” गाडी हलली. वेग आला. ड्रायव्हर ओरडला, “सोरा!”

आणि त्याच क्षणी माझी नजर मीटरवर गेली. किलोमीटरच्या आकड्याचं शेवटचं चाक हळूच वर सरकत होतं. इंजिन बंद होतं. पेट्रोल एक थेंब जळत नव्हतं. आणि किलोमीटर पडत होते!

माझा पाय क्लचवरून उठेना.

“सोरा की ओ ताई!”

“सोडलाय हो! चालूच होत नाही!”

बिचाऱ्यांनी आणखी ढकलली. पोरांची तोंडं लाल झाली. डावीकडून हळू आवाज आला, “आमच्या भावाचा ट्रॅक्टर ढकलून चालू करताना म्या लई येळा बघितलाय. क्लच सोडल्याबिगार न्हाई सुरू हुत.”

“तुम्ही गणपती सांभाळा, आत्याबाई.”

“त्यो मला सांभाळतोय,” त्या म्हणाल्या.

आजोबा खिडकीशी आले. “नाय होयाची ही. दोरी हाय आमच्याकरं. आमी बोनकोड्याला चाललो. तुमचं नेरूळ वाटंवरच हाय. ओरून नेतो.”

“नको हो, तुम्हाला कशाला त्रास?” मी म्हटलं. पंगतीत तिसऱ्या लाडवाला जसं नको म्हणतात, तसं.

दोरी बांधली. आणि अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे त्यांचा गणपती, मध्ये बेंजो, मग दोरी, मागे आमचा गणपती. मला काम फक्त दोरी ढिली पडू न देता ब्रेक जपायचं. बाकी वेळ मी मीटरकडे बघत होते. पळस्पे गेलं, पनवेल गेलं, कळंबोली गेली. कामोठ्याच्या बाजूला तेव्हा नुसती खाजणं, तिथे बगळे बसलेले. एकेक किलोमीटर फुकट पडत होता आणि मी बेंजोच्या तालावर मान डोलवत होते. मला इतका आनंद माझ्या लग्नाच्या वरातीतही झाला नव्हता. तिथे निदान घोडं तरी काहीतरी खात होतं.

गॉगल लावावा असंही त्या बाईला वाटलं. लावला. पावसात.

आणि बेलापूर आलं. ऑफिस सुटायची वेळ. बसस्टॉपवर आमच्या ऑफिसातल्या सगळ्याजणी छत्र्या घेऊन ओळीने उभ्या. इतके महिने मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच. मी गाडीत होते, गॉगल होता, केसांना निळा रुमाल होता, काच खाली होती. फक्त पुढे दोरी होती. टेम्पोतली पोरं त्यांना बघून आणखी चेकाळली. माझी एक मैत्रीण तोंडाला पदर लावून दुसरीला कोपराने ढोसताना मला स्पष्ट दिसली. मी सरळ समोर बघत राहिले. परदेशी पाहुणे बघतात तसं.

नेरूळच्या फाट्यावर मी म्हटलं, इथेच सोडा, घर जवळ आहे, एक धक्का मारून बघू. सोसायटीत दोरीवर जाणं परवडणारं नव्हतं. पोरांनी दोन पावलं ढकललं, मी क्लच सोडला आणि गाडी पहिल्याच झटक्यात गुरगुरली.

“आता सुटला जनू,” सासूबाई पुटपुटल्या. मग खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी आजोबांना आमच्या बिल्डिंगची खूण, मजला, दरवाजाचा रंग, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. “ज्येनी बाप्पाला घरी पोचीवला त्येनी दर्शनाला याया पायजे. समदी या. पोरींनो, तुमीबी.”

बोलावण्यात काय चुकलं? असं बोलवायचंच असतं. मी पण हसून “या हं नक्की” म्हटलं. ही माझी दुसरी चूक.

दुसऱ्या दिवशी नवीन बॅटरी घातली आणि पंपावर हे जातीने गाडी हलवायला आले. हलवून हलवून यांचा शर्ट बाहेर आला. तरी माझं साडेपंधरा आलं. हे पंपाच्या मीटरकडे बघतायत, गाडीच्या मीटरकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत.

“आई आणि गणपती घेऊन?”

“चालवायची पद्धत असते,” मी म्हटलं.

माझ्या निर्लज्जपणाला सीमा नव्हती. मी आलेख छापून आणला. ठिपक्या-ठिपक्यांची रेघ पेणपर्यंत रांगत जाते आणि तिथून एकदम घारीसारखी वर उडते. यांनी बिचाऱ्यांनी शब्द पाळला. खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली, वर मूठ मिटवली, कन्यादान केल्यासारखी.

त्यानंतरचे थोडे दिवस मी गाडीने ऑफिसला गेले. दोरीचं सासूबाईंनी यांना सांगितलं नाही. फक्त संध्याकाळी दारातच पिशवी घेऊन उभ्या असायच्या. आज मंडई. उद्या वाशीला फुलं. परवा कळंबोलीला त्यांच्या गाववालीकडे, जिच्याकडे त्या एरवी ‘लई बोलते’ म्हणून जात नसत. मी थकून “उद्या जाऊ ना, आत्याबाई” म्हटलं की त्या यांच्या दिशेने बघून नुसत्या म्हणायच्या, “काय बया दोर झालाय आयुष्याचा!” मी निमूट गाडी काढायचे.

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती नुकतीच झाली होती. बेल वाजली आणि दारात अख्खा टेम्पो. आजोबा, ड्रायव्हर, बायका, बेंजोवाली पोरं, हातात नारळ आणि दुर्वांच्या जुड्या. मी तबक घेऊन उभी होते, तशीच उभी राहिले.

हे पुढे झाले. “या, या! आपण… कुठून?”

“बोनकोड्याशी,” आजोबा म्हणाले आणि मला बघून त्यांचा चेहरा फुलला. “काय गो ताई, गारी नीट झाली काय? आमी घरी समदी इचारात होतो. कर्नाल्यापासून दोरीवर आनली तुला, पुढं काय झाला कोन जाने!”

मी तबकातलं निरांजन सरळ करायला लागले.

“कुठपासून?” यांनी विचारलं.

“कर्नाला खिंडीच्या खालशी. नेरूळपरत. पन ताई दोरीवर मस्त चालवते हां! कवा झटका नाय दिला.”

यांचे ओठ हलायला लागले. तोंडी वजाबाकी चालली होती. केमिकलचा माणूस, कॉम्प्युटर लागला नाही. “म्हणजे तीस किलोमीटर वजा… तेरा! तेराच देत होती!” त्यांनी हात पुढे केला. “किल्ली.”

“दोरीवरचे किलोमीटर धरायचे नाहीत असं कुठे ठरलं होतं?” मी तबक छातीशी धरून म्हटलं.

“अगं, इंजिन बंद होतं!”

“काय लफरा हाय?” ड्रायव्हरने विचारलं. मग सगळं सांगावंच लागलं. पैज, टाकी, किल्ली, क्लच. क्लचचं कळल्यावर ती ढकलणारी पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. एक जण दंड दाखवून म्हणाला, “ताई, मा खांदा आजून दुखतंय!” बायकांपैकी एक मात्र माझ्या बाजूने उभी राहिली. “चाकं फिरली ना? मंग धरायची! बाईनी डोकं लावला तं तुमाला पचत नाय काय?” ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणाला, “त्ये ठीक हाय. पन आमच्या टेम्पोचा ॲव्हरेज पारलाव त्याचं काय? मी पन शेटला सांगतो किती देते त्ये. मना शेट बोलला, डिझेल कुठं पिलास?”

मी खाली बघितलं. त्या माणसाने माझ्यासाठी दोन शिव्या खाल्ल्या होत्या आणि वर नारळ घेऊन आला होता.

पण वाद काही थांबेना. अर्धे म्हणायचे धरा, अर्धे म्हणायचे धरू नका, आजोबा दोन्हीकडे मान हलवत होते. शेवटी सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या.

“मोदक गार व्हाया लागल्यात. हिनं एक टाकी पुन्यांदा चालवायची आन् ह्येनं शेजारी बसून बघायचं. साडेचौदाच्या वर गेली तर किल्ली हिची. न्हाई तर ह्येची. झालं? ताटं घ्या.”

गणपतीसमोर, इतक्या पाहुण्यांदेखत, यांना नाही म्हणता येईना. ड्रायव्हरच्या ताटात मी न विचारता तुपाची वाटी उपडी केली.

सोमवारपासून हे कंपनीची बस सोडून माझ्या शेजारी बसायला लागले. आधी यांना सोडायचं, मग उलटं फिरून बेलापूर गाठायचं. यांची कंपनी उत्तरेला, माझं ऑफिस दक्षिणेला. म्हणजे पेट्रोल दुप्पट. पण पैज पेट्रोलची नव्हती, ॲव्हरेजची होती, आणि आम्ही दोघंही शिकली-सवरलेली असल्याने हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या दिवशी हे सारखे ओरडत होते. “गिअर! गिअर बदल! आता हाफ क्लच कशाला?” नसलेला ब्रेक पायाने दाबत होते. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या आधीच डोकं खिडकीला टेकलं आणि घोरायला लागले. बसला नाक्यावर जायचं नाही म्हटल्यावर सकाळी अर्धा तास उशिरा उठता येत होतं. चहा दोनदा घेता येत होता. कंपनीच्या गेटवर त्यांचे मित्र बसमधून चुरगळून उतरायचे, तेव्हा हे गाडीतून इस्त्रीसकट उतरायचे.

टाकी संपत आली त्या दिवशी मी सकाळी निघतानाच पंपावर भरून घेतली. यांना उठवलं नाही, पंपावरच्या माणसालाच गाडी हलवायला सांगितली. आत हे डुलत राहिले. मनात भागाकार केला. सव्वातेरा. पुन्हा केला. सव्वातेराच. मी मुकाट गाडी चालवत कंपनीच्या गेटवर आणली.

“अहो, उठा. आलं.”

हे दचकून जागे झाले. डबा शोधायला लागले.

“सव्वातेरा आलं,” मी म्हटलं. “हरले.” इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी किल्लीकडे पाहिलं. समोर कंपनीची बस येऊन थांबली होती आणि दारातून माणसं एकमेकांना रेटत उतरत होती. एकाची चप्पल आतच राहिली होती.

“ती असू दे तुझ्याकडेच,” हे डबा काखेत मारत म्हणाले. “संध्याकाळी न्यायला किती वाजता येशील?”